पिवळ्या दोऱ्याचे डबे

मी मुळातच संशयी बाई. भाजीवाल्यानं वर एक वांगं फुकट टाकलं, तर घरी येऊन आधी तेच चिरून बघते. सासू म्हणायची, "हिला देवानं प्रसाद दिला तरी ही हुंगून खाईल." त्यामुळे आता जे सांगणार आहे त्यात बाईनं मीठमसाला लावला असं कुणाला वाटेल. लावलेला नाही. उलट त्या दिवसांत माझा संशय नको तिथं धावत होता आणि हवा तिथं झोपला होता, याचाच मला आजही राग येतो.

देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. सरकारनं उल्हासनगर नाव दिलं होतं, पण आम्ही अंबरनाथची माणसं कॅम्पच म्हणायचो. लढाईच्या वेळी मिलिटरीनं बांधलेल्या बराकी आणि त्यांत सिंधमधून आलेली माणसं. एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून चार-चार कुटुंबं, आणि जवळजवळ प्रत्येक पडद्यामागं काहीतरी धंदा. कुठं पापड, कुठं बटणं, कुठं लोणचं. ही माणसं रडत बसली नाहीत एवढं मी तेव्हाही मान्य करायचे. आमच्या गावातले लोक मात्र कुजबुजायचे, की हे आज आलेत, उद्या आपल्यालाच विकत घेतील.

आमचे हे सुतारकाम करायचे. लाकडाचा भुसा छातीत जाऊन जाऊन दमा लागला आणि करवत भिंतीला टांगली गेली. पदरात दोन लहान पोरी. मग मीच पदर खोचला, वालधुनी नदी ओलांडली आणि पाच नंबर कॅम्पातल्या एका बिस्किटांच्या कारखान्यात लागले. घरंदाज बाई सिंध्याकडं कामाला जाते म्हणून आळीत चर्चा झाली. मी म्हटलं, घरंदाजपणा चुलीवर ठेवून बघा, शिजतो का.

कारखाना म्हणजे एक बराक. एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला आमचं पॅकिंग. मधे लाकडी घोड्यांवर बिस्किटांचे पत्रे निवत ठेवलेले असायचे, वर धुवट कापड टाकलेलं. मिलिटरीवाले जेवायला वापरायचे तसलं एक लांबलचक टेबल होतं, त्याच्या दोन्ही बाजूंना आम्ही बायका बसायचो आणि बिस्किटं थरावर थर लावून पत्र्याच्या डब्यांत भरायचो. नावानं कुणी कुणाला हाक मारत नसे. गावावरून ओळख. एक चामटोलीवाली, एक चिखलोलीवाली, मी अंबरनाथवाली. बराकीतल्या दोघी-तिघी सिंधी बायका होत्या, त्यांना आम्ही सरसकट अम्मा म्हणायचो. चिखलोलीवाली माझ्या शेजारी बसायची. शेतावरची बाई, अंगानं काटक, बोलणं थोडकं. माझी तोंडाची टकळी चालायची आणि ती हं-हं करायची. मला ती जिवाभावाची वाटायची.

सेठ पन्नाशीचा असेल. तिकडं सिंधमध्ये त्याची मोठी बेकरी होती म्हणे, नोकरचाकर, टांगा. इथं तो स्वतः बनियनवर उभा राहून मैदा मळायचा. तोंडानं फटकळ, पण एक गोष्ट त्यानं पहिल्यापासून पाळली होती. फुटलेली बिस्किटं एका टोपलीत पडायची आणि शनिवारी सुटी व्हायच्या आधी तो चुरा आम्हा बायकांत वाटला जायचा. ओंजळभर असो नाहीतर पदरभर, सगळ्यांना सारखा. फुटकं बिस्कीट विकायचं नाही, ते हातांचा हक्क, असं तो म्हणायचा. रेशनचे दिवस. साखर दुकानात दिसायची नाही, मैदा कंट्रोलवर. आमच्या घरात सकाळी चहात चुरा कालवला की पोरी दुपारपर्यंत भाकरी मागत नसत. टेबलावरच्या बहुतेक बायकांच्या घरी हेच चालायचं.

मग सेठचा पुतण्या आला. मुंबईत कॉलेजात दोन वर्षं काढून आलेला, शर्टाच्या खिशाला पेन. त्याच्याकडं बघताच माझ्या मनात पाल चुकचुकली. हा दिवसभर काही करायचा नाही, नुसता हात मागं बांधून फिरायचा आणि बघायचा. कुणी पाणी प्यायला उठलं तरी बघायचा. माणूस काम न करता बघत असला की समजावं, कुणाच्या तरी पोटावर पाय येणार.

आता खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. अंबरनाथच्या एका मोठ्या कारखान्याच्या कॅन्टीनला आमचे डबे जायचे. तेच आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांची तक्रार होती की माल वेळेवर येत नाही. सकाळी भाजलेली बिस्किटं कापडाखाली निवायला दुपार व्हायची, मग आम्ही भरणार, मग डबे दुसऱ्या दिवशी निघणार. पुतण्या म्हणाला, बिस्किटं लवकर निवली तर डबे त्याच दिवशी निघतील. भट्टीही दोनदा लागेल. मिलिटरीचा जुना माल मोडीत निघत होता, त्यातून त्यानं एक पंखा आणला. केवढा पंखा! माणसाच्या छातीएवढा उंच, लोखंडी पायावर उभा, चालू केला की डोक्यावरचा पदर टिकायचा नाही. भट्टीतून पत्रा निघाला की कापड न टाकता सरळ त्याच्यापुढं. घटकाभरात बिस्किटं गार आणि आमच्या हातात.

आम्हाला तर मजाच वाटली. पत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यात घाम पुसता पुसता जीव जायचा, तिथं आता वारा! पंख्यापुढं पत्रे मांडायचे ते टेबलाच्या टोकाशी, त्यामुळं टोकाच्या जागेवर बसणारीला वाराही सगळ्यात जास्त आणि पंख्यापुढचे पत्रेही तिच्याच वाट्याला. पहिले काही दिवस आम्ही आळीपाळीनं बसलो. कॅन्टीनचे डबे संध्याकाळच्या आत जायला लागले. सेठनं पुतण्याच्या पाठीवर थाप मारली.

आणि मग डबे परत यायला लागले.

बदलापूरचा एक दुकानदार स्वतः डबा घेऊन आला आणि त्यानं सेठसमोर झाकण उघडलं. आत अर्धीअधिक बिस्किटं मोडलेली. दुकानदार तावातावानं बोलून गेला, की पाहुण्यांपुढं काय हे तुकडे ठेवायचे? पाठोपाठ कॅन्टीनचेही डबे आले. पुतण्यानं हुशारी केली. फुटका डबा परत आणा आणि बदल्यात नवा न्या, असं त्यानं सगळ्या गिऱ्हाइकांना कळवून टाकलं. गिऱ्हाइकं खूश झाली, पण सेठच्या कपाळाला आठ्या पडल्या. चुऱ्याची टोपली भरून वाहायला लागली. शनिवारी आमचे पदर जड व्हायला लागले, आणि सेठची नजर आमच्या पदरांवर खिळायला लागली.

पुतण्यानं ते बोलून दाखवलंच. "चाचा, जिसको टुकडा मुफ्त मिलता है, वो टुकडा बनायेगा नहीं?"

असं सगळ्यांदेखत! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "आम्ही काय बिस्किटं मोडायला बसतो इथं?" तो हसला. मला ते हसणं अजून दिसतं. त्याला चुरा बंदच करायचा होता, पण सेठ त्याला तयार होईना. मग पुतण्यानं दोन गोष्टी सुरू केल्या. सुटीच्या वेळी दारात झडती, एका अम्माच्या हातून, पदर-पिशव्या झटकून. आणि दुसरं म्हणजे दोरा. प्रत्येकीला एकेका रंगाचा दोरा दिला. डबा भरून झाला की झाकणावरून आपल्या रंगाचा दोरा बांधायचा. डबा फुटका आला तर दोरा बघायचा, की कुणाचा हात. कुणाला लाल, कुणाला हिरवा. माझ्या वाट्याला पिवळा आला.

त्याच आठवड्यात मी पंख्यापुढच्या जागेसाठी भांडले. मला वाटलं, आळीपाळीच्या नावाखाली दोघी-तिघी चामटोलीवालीला धरून तिथं जास्त बसतात. मी टेबलावर थाप मारून म्हटलं, मी कधी एक खाडा करत नाही, ती जागा आता माझी, कायमची. मोठा तंटा होईल म्हणून कंबर कसली होती. तंटा झालाच नाही. "बस बाय, बस," म्हणत चामटोलीवाली उठली. सगळ्यांनी माना हलवल्या. मी जिंकले म्हणून पदर सावरून बसले, वारा खात. मी, जी फुकटच्या वांग्यातही अळी शोधते, तिला तेव्हा काही म्हणता काही वाटलं नाही!

त्यानंतर परत येणाऱ्या डब्यांवर पिवळा दोरा दिसायला लागला. बाकीचे रंगही असायचे, नाही असं नाही. पण पिवळा जास्त. पुतण्या ते डबे टेबलाच्या मधोमध मांडून ठेवायचा, सगळ्यांना दिसतील असे. जेवणाच्या सुटीत कुणी काही बोलायचं नाही. चिखलोलीवालीनं आपल्या भाकरीतला तुकडा नेहमीसारखा माझ्यापुढं सरकवला, पण डोळे वर केले नाहीत. मला वाटलं, बिचारीला माझ्यासाठी वाईट वाटतंय.

सेठनं बोलावून सांगितलं, "बाई, अगली पगार तक देखूंगा. पीला धागा वापस आता रहा, तो मैं नहीं रखूंगा."

त्या रात्री मी बोटांवर हिशेब करत बसले. ह्यांच्या औषधाची बाटली, पोरींचे कपडे, घरभाडं, सगळं त्या नोकरीवर. आणि नोकरी जाईल ती जाईल, पण जाईल ती बिस्किटं मोडणारी बाई म्हणून. कॅम्पात मग दुसरं कुणी दारात उभं करणार होतं का?

मग मी माग काढायला सुरुवात केली. आधी संशय डबे पोचवणाऱ्या हातगाडीवाल्यावर. मुद्दाम आपटतो, असं मला वाटलं. एका संध्याकाळी पार अंबरनाथपर्यंत त्याच्या मागून चालत गेले. तो माणूस खड्डा आला की गाडी पोटाशी धरून उतरवत होता. मग संशय दुकानदारावर. नव्या डब्याच्या लोभानं स्वतःच मोडत असेल. बदलापूरला मावशीकडं जायचं निमित्त काढून त्याच्या दुकानात जाऊन उभी राहिले आणि त्याला माझ्यासमोर डबा उघडायला लावला. पिवळाच होता. त्यानं दोरा सोडला, झाकण काढलं, आणि आतला चुरा दाखवून मलाच विचारलं, "काय हो बाई, तुमच्याकडं डबे पायानं भरतात काय?" मी तोंड लपवून निघाले. मग संशय पुतण्यावर. हाच जेवणाच्या सुटीत माझ्या डब्यांत हात घालत असेल, मला घालवायला. मग चामटोलीवालीवर, ती जागा परत हवी म्हणून. एकूण एक माणसाला मी मनातल्या मनात फासावर चढवलं होतं.

शेवटी एक केलं. एका सुटीच्या वेळी मी भरलेला एक डबा गाडीवर दिलाच नाही. मैद्याच्या पोत्यांच्या मागं फळीवर ठेवला, कापड टाकलं. म्हटलं, ना गाडी, ना दुकान, ना कुणाचा हात. सकाळी सगळ्यांच्या आधी पोचले. चिखलोलीवालीही तेवढ्यात आली. तिला म्हटलं, ये, बघ, तू साक्षीदार. मी फळीवरून डबा अलगद उतरवला, दोरा सोडला. वरून बिस्किटं छान दिसत होती, ओळीनं लावलेली. एकाला हात लावला आणि ते बोटांत दोन तुकडे होऊन आलं. दुसरं, तसंच. तिसरं खिडकीशी धरलं तर आरपार केसासारखी बारीक चीर.

मी "अगं बाई!" म्हणून चिखलोलीवालीकडं वळले. तिला नवल वाटलेलं नव्हतं. तोंड उघडं नाही, भुवया वर नाहीत, काही नाही. ती दाराकडं बघत होती, कुणी येतंय का ते.

तेव्हा माझा संशय जागा झाला. किती उशिरा! मी तिचं मनगट धरलं. "तुला माहीत आहे."

ती मनगट सोडवायला लागली. "हलू बोल."

"तुला माहीत आहे! काय आहे हे?"

"पंखा," ती म्हणाली. "गरम बिस्कुटाला गार वारा लागतो. तवा दिसत नाय, पन आतून तडकतंय. मग डब्यात मोडतंय. टोकाला जास्त, आमच्याकरं कमी." आणि मग मान खाली घालून, "आमाला सगल्यांना म्हाईत व्हतं बाय."

सगळ्यांना. म्हणजे त्या दिवशी मी टेबलावर थाप मारली तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. दोरे आल्यावर ती जागा कुणालाच नको होती, आणि ही अंबरनाथची शहाणी ती भांडून घेत होती. मी भांडून जिंकलेली जागा त्यांनी मला आंदण दिली होती. माझ्या अंगाची लाही लाही झाली. "आणि मला का नाही सांगितलं?"

"तुजे तोंडात तील भिजत नाय. तू सेठला जाऊन सांगशील, तो पंखा काढील, चुरा आटंल." ती रडत नव्हती, पण आवाज फाटला. "माजी चार पोरां हायत. शनवारचा चुरा म्हंजे त्यांचं दोन दिस हायत. तुला कामावरना कारतील असा वाटला नवता. आईशप्पत. वाटला, जागा बदलतील."

"आणि काढलं असतं तर?"

तिनं पुन्हा दाराकडं पाहिलं. बायका आत यायला लागल्या होत्या. मी डबा बंद केला आणि दोरा बांधला.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी उशीला टेकून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उद्या सकाळी सेठला सांग नि मोकळी हो. तुझं नाव साफ होईल."

"आणि चुरा?"

"त्यांनी तुझा विचार केला होता का?"

नव्हता केला. मी तेच घोकत पडले. नव्हता केला, नव्हता केला. कुणाचं लेकरू उपाशी राहतंय म्हणून मी चोर का व्हायचं? पण तो चुरा माझ्याही पोरी खात होत्या ना. आणि चिखलोलीवालीच्या चार पोरांना मी ओळखत होते. धाकट्याच्या नाकाला सदा शेंबूड. रागाच्या भरात त्याचं तोंड आठवायला नको होतं, ते आठवलं. मला दोन्ही हवं होतं, माझं नाव आणि सगळ्यांच्या घरचा तो सकाळचा चहा. हावरटपणा म्हणा हवं तर.

सकाळी मी सेठच्या खोलीत गेले. खोली म्हणजे कोपऱ्यात फळ्या ठोकून केलेली जागा. पुतण्याही होता. मी म्हटलं, "सेठ, बिस्किटं का फुटतात ते मला कळलंय. मी सांगते. तुमचे डबे परत यायचे थांबतील. पण आधी एक शब्द द्या."

सेठनं मान वर केली. "कैसा शब्द?"

"फुटणं थांबलं की चुराही आटेल. तो आमच्या घरचा घास आहे. त्याच्या बदल्यात दर शनिवारी टेबलावरच्या प्रत्येक बाईला एक पुडा. अख्ख्या बिस्किटांचा. तुमचं परतीच्या डब्यांत जातं त्याच्या मानानं हे काहीच नाही."

पुतण्या खुर्चीतून उठलाच. "देखा चाचा? मैं बोलता था ना? सब मालूम है इनको!"

सेठनं त्याला हातानं गप्प केलं. माझ्याकडं बघत राहिला. बाजारात माल उलटापालटा करून बघतात तसा. मग म्हणाला, "दिया शब्द. बोलो."

मी सांगितलं. पंख्यापुढचा एक पत्रा आणि कापडाखालचा एक पत्रा वेगवेगळे भरा, दोन दिवस हलवू नका, मग उघडा, म्हटलं. त्यानं तसंच केलं. मधले दोन दिवस टेबलावर कुणी माझ्याशी बोललं नाही. मी कशासाठी आत गेले होते ते त्यांनी ताडलं होतं, आणि आत काय बोलले ते विचारायची कुणाची छाती नव्हती. डबे उघडले. जे व्हायचं तेच झालं. पंखा काढून पुतण्याच्या टेबलाशी नेऊन ठेवला, तिथं तो त्याचे केस उडवत बसला. भट्टी पहाटे अजून लवकर पेटवायची ठरलं, म्हणजे कापडाखाली सावकाश निवूनही डबे त्याच दिवशी निघतील. फुटके डबे यायचे बंद झाले. कॅन्टीनवाल्यानं मागणी वाढवली असंही कानावर आलं.

आणि शनिवारी सेठ स्वतः टेबलापाशी आला. कागदात बांधलेले पुडे घेऊन. प्रत्येकीच्या हातात एक. अख्ख्या बिस्किटांचा. बायका पुड्याकडं आणि एकमेकींकडं बघत राहिल्या. चामटोलीवालीनं तर कागद हळूच उघडून पाहिलं, आत खरंच काय आहे ते. मला इतका आनंद झाला होता की छातीत मावेना. माझ्याजवळ येऊन सेठनं पुडा दिला नाही. म्हणाला, "बाई, अंदर आओ."

आत त्यानं माझा हिशेब आधीच करून ठेवला होता.

"मैंने शब्द दिया, शब्द रखा," तो म्हणाला. "ये सब औरतों को मिलेगा, जब तक मेरी भट्टी चलेगी. लेकिन तुम को मैं नहीं रखूंगा."

मला आधी कळलंच नाही. "पण सेठ, मी मोडली नव्हती. तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत!"

"नहीं मोडी. मालूम है." त्यानं डोळे चोळले. "लेकिन मेरा नुकसान हो रहा था, तुम को कारण मालूम था, और तुमने पहले सौदा किया. जो माल दबा के दाम मांगे, उस के साथ मैं व्यापार कर सकता हूं. नौकरी पे नहीं रख सकता. वहां सिंध में मेरे आदमी भी सब जानते थे, मुझे किसी ने नहीं बताया. जिस दिन जाना पडा, उस दिन पता चला, कौन क्या जानता था." मग म्हणाला, "सच बोलो. कब से मालूम था?"

सांगायच्या आदल्या दिवसापासून. फक्त एक दिवस! हा एक शब्द जिभेवर आला होता. पण मग तो विचारणार, त्या दिवशी कुणी सांगितलं? आणि तिला कधीपासून माहीत? आणि बाकीच्यांना? पुतण्या दारात उभा होता, कान टवकारून. बाहेर टेबलाशी पुड्यांचे कागद वाजत होते.

मी काही बोलले नाही. सेठनं मान हलवली. गप्प बसण्याचा त्यानं जो अर्थ लावायचा तो लावला. मी हिशेब पदराला बांधला आणि बाहेर पडले. टेबलाशी कुणाकडं पाहिलं नाही. त्या अम्मानं दारात रोजच्यासारखी झडतीही घेतली. माझ्याकडं काही नव्हतं.

त्यानंतरचा राग मी काय सांगू? भांडी आपटली, पोरींना धपाटे घातले, ह्यांना टाकून बोलले. सेठला शिव्या, पुतण्याला शिव्या, आणि त्या टेबलावरच्या सगळ्यांना तर विचारूच नका. खरं बोलून चोर ठरले असते तर एक वेळ सोसलं असतं. मी तर गप्प बसून चोर ठरले, तेही मला चोर ठरू देणाऱ्या बायकांसाठी!

पुढच्या शनिवारी संध्याकाळी चिखलोलीवाली आली. आमच्या घरी ती कधी आली नव्हती. उंबऱ्याशीच बसली, पदराखाली काहीतरी धरून. मी पाणी दिलं. ती प्यायली. मग इकडंतिकडं बघून तिनं आधी हेच विचारलं, "सेठला आमचा काय बोललीस का?"

"नाही."

"कुनाचाच?"

"कुणाचंच नाही."

तिनं श्वास सोडला. मग पदराखालून पुडा काढला, न उघडलेला, आणि माझ्यापुढं ठेवला. तिच्या चार पोरांचा पुडा. मी पुड्याकडं बघत राहिले. ही मायेनं आली की चाचपून बघायला आली? मी हो म्हटलं असतं तर तो पुडा पदराखालून बाहेर आला असता का? हे मी तिला तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही. मला ते आजही ठाऊक नाही.

धाकटी पोरगी चुलीपाशी होती, वाटीत चहा घेऊन. तिला एक बिस्कीट दिलं. तिनं ते हातात धरून सगळीकडून पाहिलं, आणि मग दोन्ही हातांनी मोडायला लागली. तुकडे, मग तुकड्यांचे तुकडे, अगदी भुगा होईपर्यंत, वाटीत.

"मोडू नको!" मी ओरडले. "अगं मोडू नको, अख्खं खा!"

पोरगी दचकून रडायला लागली. तिला बिस्कीट अख्खं खातात हे माहीतच नव्हतं.